‘काबरं?’ विचारायची रीत

जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या पुतण्यानं केळीच्या बागेत, झाडापासून वीतभर अंतर सोडून, कुदळीनं खड्डा खणला. गुडघाभर खाली गेला तरी माती मुठीत दाबली की लाडू वळत होता. केळीची पाणी ओढणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात. म्हणजे आमचं पाणी मुळं ओलांडून खाली चाललं होतं आणि ठिबकमधून सोडलेला युरियाही त्याच्यासोबत. पुतण्यानं हात झटकले आणि विचारलं, “आप्पा, ठिबक चार तास काबरं?”

काबरं म्हणजे का. अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशातल्या बोलीत, दिवसातून पन्नासदा कानावर पडणारा शब्द. मी उत्तर दिलं, “आपलं चार तासच ऱ्हास, भो.” (ऱ्हास म्हणजे असतं.)

उत्तर दिलं खरं, पण ते उत्तर नव्हतं. मग शेताच्या बांधावर बसून दोघांनी उलगडत नेलं. शेतीची लाईट पाळीनं मिळायची, दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास. ठिबक बसवलं तेव्हा आमच्या बागेचे दोन व्हॉल्व्ह पडले, म्हणजे बाग दोन भागांत, एका वेळी एकच भाग भिजणार. दिवसपाळीचे ८ भागिले २, म्हणून प्रत्येकी ४. केळीला किती पाणी लागतं याचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नव्हता. लाईटच्या वेळापत्रकातून निघालेला आकडा आम्ही इतकी वर्षं पिकाची गरज समजून पाळत आलो होतो.

त्यानंतर मी असे प्रश्न जरा पद्धतशीर विचारायला लागलो. शेतात, घरात, गावात. काहींनी पैसे वाचवले, काहींनी भांडणं लावली, आणि दोनदा जुनीच रीत बरोबर निघाली. जे हाती लागलं ते क्रमानं सांगतो. हा क्रम मी एकदा उलटा केला होता, तेव्हा भर सभेत तोंडावर पडलो. ते पुढं येईलच.

आधी एकच रीत धरा

एक वही घ्या. आठवडाभर फक्त नोंद करा, बदल काही करू नका. आपण स्वतः किंवा घरातलं कुणी “असंच असतं” म्हणालं की ते वहीत लिहायचं. आमच्याकडे याची हमखास खूण म्हणजे “आम्हना बापबी असंच करे” हे वाक्य. माझ्या पहिल्या आठवड्याच्या यादीत होतं ते असं: ठिबक चार तास, शेजाऱ्यानं खत टाकलं की दुसऱ्या दिवशी आपलंही, लग्नात आणि गंधमुक्तीला (सुतक संपतानाच्या विधीला) टॉवेल-टोपी, घरातल्या बायकांनी सगळ्यांच्या मागून जेवणं, सालदाराचा (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा) हिशोब आखाजीशिवाय (अक्षय्य तृतीयेशिवाय) उघडायचा नाही, ग्रामसभा सकाळी दहाला, केळीचा भाव व्यापारी बोलेल तो.

यादी मोठी होते आणि माणूस चेकाळतो. सगळं एकदम मोडायला निघू नका. प्रत्येक रीतीला तीन प्रश्न लावा. ती बदलायला दुसऱ्या कुणाची परवानगी लागते का? तिचा परिणाम मोजता येतो का? आपण चुकलो तर नुकसान सोसवेल का? केळीचा भाव पहिल्याच प्रश्नाला गळाला. रावेर-बऱ्हाणपूरच्या बाजारात काय निघतं ते माझ्या हातात नाही. ठिबक तिन्हींत बसलं. बायकांच्या जेवणाचंही बसलं. ती रीत मोडायला कागद लागत नाही, खर्च नाही, आज रात्रीच मोडता येते. आमच्या घरात तिलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, हे इथं कबूल करून टाकतो.

मग विचारा, ही रीत कुठल्या अडचणीतून आली

ही पायरी तरुण पोरं हमखास गाळतात. प्रत्येक रीत कधीतरी कुठल्यातरी अडचणीवर काढलेला तोडगा असते. अडचण संपलेली असते आणि तोडगा चालूच राहतो. कधीकधी मात्र अडचण अजून तिथंच दबा धरून असते, आणि तोडगा काढून टाकला की अंगावर येते.

म्हणून घरातल्या जुन्या माणसाकडे जा. “तुम्ही असं का करता?” असं विचारू नका, तो आरोप वाटतो आणि समोरचा दार लावून घेतो. “जिभाऊ, हे सुरू कधी झालं? तेव्हा कसं होतं?” असं विचारा. आठवण विचारली की माणूस तासभर बोलतो, कारण विचारलं की दोन मिनिटांत चिडतो. ऐकताना तीन गोष्टी टिपा: तेव्हा काय कमी होतं (पाणी, पैसा, माणसं, वेळ), ठरवलं कुणी, आणि न पाळणाऱ्याचं काय व्हायचं.

रीत ऐकल्यावर कशी वेगळी दिसते त्याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे पांझरा नदीकाठची फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग, ते फड. एका फडात एकच पीक, मालक कितीही असोत. माझ्या शेतात मी काय लावायचं ते गाव ठरवणार, हे आजच्या माणसाला सहन होत नाही. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जुलूमच वाटला. पण एका फडात एकच पीक असलं की पाण्याची पाळी सगळ्यांना एकदम लागते, पाटकऱ्याला उगाच खेपा पडत नाहीत, आणि वाटेत पाणी मुरण्याचं प्रमाण कमी राहतं. शिवाय शक्यतो प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. पाणी कमी पडलं की एखादा फडच कोरडा सोडायचा, म्हणजे तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा. पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्यानं एकट्यानं मरायचं नाही. त्या पद्धतीला ‘काबरं?’ विचारलं तर ती उत्तर देते. आमच्या चार तासांना देता आलं नाही.

मोजल्याशिवाय तोंड उघडू नका

आता आकडे. ठिबकचा हिशोब असा. ५ बाय ५ फुटांवर लागवड म्हणजे एकरी सुमारे १,७४० झाडं. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे तासाला ८ लिटर, चार तासांत ३२. मोठ्या झाडाची गरज ऐन उन्हाळ्यात दिवसाला वीस लिटरच्या आसपास धरतात, थंडीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. आम्ही जानेवारीत तिप्पट पाजत होतो. दोन तास कमी केले तर एकरी दिवसाला जवळपास २८ हजार लिटर पाणी ट्यूबवेलमध्येच राहतं. हा आकडा वहीत लिहिल्यावर पुतण्या आणि मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

तुमच्याकडे ठिबक नसेल तरी खड्डा खणता येतो. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडाच्या बाजूला, वीत वीत खाली जात माती दाबून पाहायची. लाडू वळला तर ओल आहे, भुगा झाला तर नाही. मीटर नको, माणूस बोलवायला नको.

घरातल्या रीतीही मोजता येतात. टॉवेल-टोपी घ्या. लग्न असो की गंधमुक्ती, दुकानातून टॉवेल आणायचा, मांडवात खांद्यावर टाकायचा, आणि आपल्याला आलेला घरी नेऊन पेटीत ठेवायचा. एका दुपारी मी बायकोसमोर पत्र्याची पेटी उघडली. त्रेचाळीस टॉवेल निघाले. बरेच घडीसुद्धा न मोडलेले, पिवळ्या किनारीचे, अंग पुसायला घेतले तर पाणी टिपायचं सोडून पसरवणारे. टोप्या मोजल्याच नाहीत. त्यांतली एकही माझ्या डोक्याला बसत नाही. तोवर मी ‘या आहेरात पैसा वाया जातो’ असं नुसतं बोलत होतो आणि बायको मान डोलवत होती. पेटी उघडल्यावर ती म्हणाली, “हे तं दुकान शे.” त्या दिवसापासून प्रश्न तिचाही झाला.

निदान एक हंगाम किंवा एक लग्नसराई तरी मोजा. आठ दिवसांचे आकडे भांडणात टिकत नाहीत.

चार ओळींची चाचणी

पूर्ण बाग बदलू नका. ठिबकच्या लॅटरलला, म्हणजे ओळीतल्या नळीला, कॉक असतात. आम्ही चार ओळींचे कॉक दोन तासांनी बंद करायला लागलो, शेजारच्या चार ओळी चार तास तशाच चालू ठेवल्या. बाकी सगळं सारखं: तेच खत, तीच लागवड, तीच फवारणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. जमिनीपासून फूटभर उंचीवर सुतळीनं खोडाचा घेर घ्यायचा, हिरवी पानं मोजायची, कुठली ओळ आधी निसवते, म्हणजे घड बाहेर टाकते, ते लिहायचं, आणि शेवटी घड काट्यावर टाकायचे.

सुरुवात करण्याआधी वहीत आणखी एक ओळ लिहा: काय दिसलं तर मी माघार घेईन. मी लिहिलं होतं, दोन तासांच्या ओळींचा घेर दोन बोटांनी कमी भरला तर जुनंच चालू ठेवायचं. ही ओळ आधी नाही लिहिली तर माणूस स्वतःला फसवतो. नंतर निकाल आपल्या बाजूनं ओढून घ्यायला शंभर कारणं सुचतात.

थंडीत घेरात फरक दिसला नाही. घडांच्या वजनात जो होता तो अर्ध्या किलोच्या आतबाहेर, कधी इकडे कधी तिकडे. मला शिंगं फुटली आणि मी मे महिन्यातही दोन तासच चालवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पानं माना टाकून उभी. तेव्हा आमचं ‘चार तास’ सरसकट चूकही नव्हतं. उन्हाळ्यात दोन तास पुरत नव्हते. आता आम्ही हंगामाप्रमाणे वेळ ठरवतो आणि महिन्यातून एकदा खड्डा खणतो.

बोलताना

आता माझी फजिती. तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेची वार्षिक सभा. वजनात जी घट धरली जायची ती मला जास्त वाटत होती. वाटत होती, एवढंच. मी उठलो आणि आवाज चढवून विचारलं, “ही घट काबरं?” अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “आप्पा, किती धरतो आम्ही? आणि किती धरायला पाहिजे?” मला दोन्ही आकडे माहीत नव्हते. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. पुढची दोन वर्षं मी काही बोलायला उठलो की लोक आधीच हसायला लागायचे. तिसऱ्या वर्षी पावत्या घेऊन गेलो, आणि सभेत नाही गेलो. आदल्या आठवड्यात दोन संचालकांच्या घरी चहाला गेलो, पावत्या समोर ठेवल्या आणि म्हणालो, “मला हे समजत नाही, समजावून सांगा.” त्यांनाही नीट समजावता येईना. सभेत मग त्यांच्यातल्याच एकानं विषय काढला.

यातून नियम निघतो. ज्याला निर्णय फिरवायचा आहे त्याला चारचौघांत फिरवायला लावू नका. एकांतात वाट द्या. साने गुरुजी आमच्या अमळनेरला शिक्षक होते, म्हणून त्यांचं उदाहरण इथं सगळ्यांना माहीत असतं: १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. लोकांना उपोषण आठवतं. त्याच्या आधी गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर गावोगाव फिरून लोकमत तयार करत होते, ते विसरलं जातं.

घरात बोलताना वेळ सांभाळा. जेवायच्या ताटावर नको, पाहुण्यांसमोर नको, सण तोंडावर असताना तर नकोच. आणि ‘तुमचं चुकतं’ याऐवजी ‘आपण एकदा करून पाहू, नाही जमलं तर परत जुनं’ असं म्हणा. परत जाता येईल म्हटलं की लोक पुढं यायला तयार होतात.

गावात न्यायचं असेल तर

ग्रामपंचायत कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि प्रत्येकीच्या आधी महिलांची सभा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जो आकडा कमी असेल तो. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला ही अट नसते. म्हणजे दहा माणसं बसून गावाचा निर्णय करू शकतात आणि तो कायदेशीर असतो. ‘ग्रामसभेत काय होतं’ म्हणून घरी बसणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं.

आपला विषय तोंडी सांगू नका. सभेची नोटीस निघण्याआधी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सभेला आपल्यासोबत निदान दहा जण असतील याची खात्री करा. ठराव झाला की इतिवृत्तात आला का ते त्याच दिवशी पाहा, महिन्यानं नाही.

आमच्या गावचा प्रश्न सभेच्या वेळेचाच होता. ऑक्टोबरमध्ये कापूस वेचणी चालू, बाया सकाळी आठला शेतात, आणि सभा दहाला. मग नोंदवही सांगणार की बायांना रस नाही. सभा कुठं आणि केव्हा भरते यावर ती कुणाची होते हे ठरतं. काँग्रेसची अधिवेशनं शहरांतच भरायची. १९३६ साली यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं ते खेड्यातलं पहिलं. आम्ही अर्ज दिला तो फक्त वेळ संध्याकाळी करण्याचा. पहिल्या वर्षी नाकारला गेला, दुसऱ्या वर्षी एक सभा संध्याकाळी झाली. अजून तेवढंच आहे.

कागद हवे असतील तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता, १५० शब्दांच्या आत. गंमत अशी की इथं ‘काबरं’ चालत नाही. ‘रस्ता अर्धवट का सोडला?’ असं विचारलं तर ‘हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. ‘अमुक रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेची आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची नक्कल द्या’ असं लिहा. ‘का’ त्या कागदातून आपोआप बाहेर पडतो.

कुणी विचारायचं

प्रश्न विचारण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. मी आप्पा आहे, माझ्या नावावर जमीन आहे, मी सभेत हसं करून घेतलं आणि घरी येऊन कळण्याची भाकरी खाल्ली. सालदारानं उचलीबद्दल तोच प्रश्न विचारला तर आखाजीला त्याला दुसरा मालक शोधावा लागतो. नव्या सुनेनं विचारला तर तिच्या माहेरापर्यंत बोलणी जातात. ‘तुम्ही बोलायला शिका’ असं त्यांना सांगणं सोपं आहे. ज्याचं कमी जाणार आहे त्यानं आधी उठावं. सालदाराचा हिशोब महिन्याच्या महिन्याला त्याच्यासमोर लिहायचा, हे आमच्या घरात मी काढलं. त्यानं मागितलं नव्हतं. भाऊबंद म्हणाले, गडी बिघडवतोस.

विरोध झाला की आधी पाहा, या बदलात विरोध करणाऱ्याचं काय जातं. पैसा जात असेल तर तडजोडीची वाट काढा. मान जात असेल तर तो मान दुसऱ्या कुठल्या रूपात देता येईल ते पाहा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवारांनी गावाला घेऊन जंगल राखलं. उजाड डोंगर पुन्हा उभा राहिला आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण जंगल तोडणाऱ्याला दंड लागला तर तो आपल्याच गावातल्या माणसाला लागणार होता. असा नियम बाहेरून येऊन कुणी लादला असता तर टिकला नसता. तो गावानं स्वतः बसून केला.

दुसऱ्याचं उत्तर उचलू नका

शिरपूर पॅटर्नचं नाव ऐकून गावोगाव नाले खोल करायची लाट आली होती. शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी साधा प्रश्न विचारला होता: पाऊस पडतो, तर पाणी खाली का जात नाही? तापीच्या गाळाच्या पट्ट्यात वरचा चिकण मातीचा थर पाणी अडवतो, म्हणून नाला खोल आणि रुंद करून तो थर काढायचा, की पाणी खालच्या वाळूत उतरतं. हे तिथल्या जमिनीचं उत्तर आहे. ज्या गावात खाली अखंड काळा खडक आहे तिथं तेवढंच खोदून तेवढाच फायदा कसा होईल? नालाही खोल झाला आणि बाजूच्या विहिरींचं पाणी त्यातच उतरलं, असंही होतं. शिरपूरकडून प्रश्न घ्या, आणि आपला खड्डा आपण खणा.

आमच्याकडे प्रश्न पाहायचा दिवस आखाजी. सालाचा हिशोब तेव्हाच होतो, वही तेव्हाच उघडते. गेल्या वर्षीच्या प्रश्नांवर काट मारायची किंवा पुढं ओढायचे.

टॉवेलचा प्रश्न पुढं ओढला आहे. भाऊबंदकीच्या बैठकीत मी आहेर बंद करायचं सुचवलं, पेटीचा आकडाही सांगितला. सगळे हसून माना डोलवत असताना मोठ्या वहिनी म्हणाल्या, “टॉवेल बंद करा, पण कोण ऊनं, कोण नही ऊनं, हाई कसं कळी? टॉवेलवर नाव ऱ्हास.” मी खजील झालो, दुसरी पायरी मीच गाळली होती. टॉवेल हजेरी होता. दुःखात कोण दारी आलं याची नोंद त्याच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत राहायची, आणि उद्या त्यांच्या दारी कुणी जायचं ते त्यावरून ठरायचं. आता पुढच्या गंधमुक्तीला मांडवाच्या तोंडाशी एक वही ठेवायची आहे, नाव आणि गाव लिहायला. टॉवेलही चालू राहतील, दोन्ही शेजारी शेजारी. वहिनींनी अट घातली आहे की वही त्यांच्याकडे राहील. पेटीत सध्या एक्कावन्न आहेत.